पाण्यावर न दिसणारी रेघ : विषुववृत्त ओलांडताना होणारा खलाशांचा विधी

जुना_दर्यावर्दी

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर मी सहज लिहून गेलो की विषुववृत्त ओलांडताना जहाजावर आमची 'मुंज' झाली होती. त्यावर तिघाचौघांनी विचारलं की ही काय भानगड आहे. तिथे अवांतर होऊ नये म्हणून हा वेगळा धागा.

ऑगस्ट १९९१. कोळसा भरायला आम्ही विशाखापट्टणमहून रिकामं जहाज घेऊन ऑस्ट्रेलियाकडे निघालो होतो. मी डेक कॅडेट, वय एकोणीस, समुद्रावरचा तिसरा महिना. आदल्या रात्री आठच्या सुमाराला पुढून, फोक्सलवरून म्हणजे नाळेवरच्या डेकवरून, कुणीतरी भोंग्यातून आरोळी ठोकली, "कुठलं जहाज? माझ्या राज्यात कुणाच्या परवानगीने येताय?" कॅप्टनने ब्रिजवरून जहाजाचं नाव सांगितलं आणि वर नम्रपणे म्हणाले, "महाराज, काही नवखे आहेत आमच्याबरोबर." तो आवाज बोसनचा, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचा, होता हे मला कळलं, तरीही पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्राचा राजा नेपच्यून डेकवर आला. मनिलाचा जुना दोर उसवून केलेली दाढी, डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून केलेला मुकुट, बोटहुकच्या दांड्याला तीन टोकं बांधून केलेला त्रिशूळ. शेजारी राणी अँफिट्राइटी, म्हणजे आमचा मेसमन (जेवण वाढणारा), चादरीची साडी नेसलेला. मागे न्हावी, वैद्य आणि चार 'अस्वलं', म्हणजे नवख्यांना धरून आणणारे राजाचे शिपाई. न्हाव्याच्या हातात लाकडाचा दोन हात लांब वस्तरा आणि रंगाचा ब्रश. कॅप्टन पूर्ण गणवेशात खाली आले. त्यांनी बोसनला कडक सलाम ठोकला आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला. जहाजाचा ताबा तेवढ्यापुरता त्याच्याकडे गेला.

मग खटला. माझ्यावर आरोप होता की मी चिपिंग करताना, म्हणजे गंज ठोकून काढताना, गंज कमी आणि रंग जास्त काढला. शिक्षा ठरलेलीच होती : पिठाचा, हळदीचा आणि उरलेल्या डाळीचा लेप तोंडाला, लाकडी वस्तऱ्याने 'दाढी', वैद्याची कारल्याची गोळी, आणि मग ताडपत्रीच्या हौदात उलटं पाडून तीन बुचकळ्या. पाणी फायर होजने भरलेलं, खारं, कोमट.

एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले होते आमचे सेकंड ऑफिसर. त्यांची सात-आठ वर्षं आखात आणि मुंबईच्या मधल्या टँकरवर गेली होती, त्यामुळे रेघ त्यांनीही ओलांडलेली नव्हती. त्यांच्या डोक्यावर बादली ओतत होता आमचा टोपास, म्हणजे जहाजाचा झाडूवाला. त्याने ती चौदा वेळा ओलांडली होती. त्या तासाभरात जहाजावर दोनच जाती होत्या, ओलांडलेले आणि न ओलांडलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोसनने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. तोवर मी "ए कॅडेट" होतो. आणि त्याच दिवशी तो मला वायर स्प्लाइस, म्हणजे तारेच्या दोरांची गुंफण, शिकवायला घेऊन बसला. तीन महिने मी त्याच्या मागे लागलो होतो.

त्यानंतर मी या विधीबद्दल मिळेल ते वाचत आलो. त्यातला प्रत्येक भाग काहीतरी बोलतो असं मला वाटतं. लेपाचंच बघा. शिडाच्या जहाजांच्या काळी तो डांबराचा असे. दोरखंड, शिडं, फळ्यांच्या फटी, सगळं डांबरावर टिकायचं. खलाशाच्या हाताला आणि कपड्याला त्याचाच वास, इंग्रज तर खलाशाला 'टार' म्हणजे डांबरच म्हणायचे. नवख्याच्या तोंडाला तेच फासायचं, म्हणजे जमिनीवरचा चेहरा पुसून टाकायचा. मग वस्तऱ्याने तो खरवडायचा. मग पाणी. फ्रेंच आणि जर्मन लोक या विधीला सरळ बाप्तिस्माच म्हणतात. जर्मन जहाजांवर तर नवं नाव मिळतं, तेही माशाचं किंवा जलचराचं.

सगळ्यात जुनी नोंद जी सांगितली जाते ती फ्रेंचांची, १५२९ सालची. दिएप बंदरातून पार्मांतिए बंधूंची दोन जहाजं सुमात्राला निघाली होती. विषुववृत्तावर त्यांनी पन्नासेक खलाशांना 'नाइट' केलं, प्रार्थना गायली आणि ताज्या माशांचं जेवण केलं. त्यात नेपच्यून नाही, वस्तरा नाही. नेपच्यून नंतर आला. म्हणजे या विधीचं मूळ रोमन देवात शोधू नये असं माझं मत. मूळ त्या रेघेत आहे. पोर्तुगीज पहिल्यांदा विषुववृत्तापलीकडे गेले ते १४७० च्या दशकात. त्याआधी शतकानुशतकं युरोपात समजूत होती की दक्षिणेकडचा पट्टा इतका तापलेला आहे की तिथे माणूस जगूच शकत नाही. शिवाय तिथे वारा पडतो, जहाज आठवडे आठवडे एका जागी डुलत राहतं, पिण्याचं पाणी सडतं. त्या जागी पोचलेल्या माणसाला काहीतरी केल्याशिवाय पुढे जाववत नसणार.

---

खारा_वारा

वाचनखूण साठवली. एक भर घालतो. हा विधी विषुववृत्ताचाच असं मुळात नव्हतं. डच खलाशी पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळची बेर्लेंगा बेटं पहिल्यांदा पार करणाऱ्याला बुडवायचे, फ्रेंच लोक ब्रिटनीच्या टोकाजवळ राझ द सेंच्या खडकाळ पाण्यात. कर्कवृत्तावरही होत असे. जिथे जीवाला धोका किंवा जिथून पुढे घरचं पाणी संपतं, तिथे हा विधी. विषुववृत्त नंतर सगळ्यांवर वरचढ ठरलं.

---

गुहागरकर

कॅप्टनसाहेब, फार मनापासून लिहिलंय. दाढी आणि मुकुट वाचताना मला आमचा शिमगाच दिसला. आमच्याकडे खेळे येतात तेव्हा पुढे संकासुर असतो, काळा पायघोळ अंगरखा, डोक्यावर उंच टोपी, पांढरी दाढी. बरोबर गोमू, म्हणजे बाईचा वेष घेतलेला पुरुष. संकासुर पोरांच्या मागे धावतो, आणि गावातला कितीही मोठा माणूस असला तरी त्या दिवशी त्याला बोलायची सोय नसते. एरवी ज्याला कुणी विचारत नाही तो त्या दोन-चार दिवसांत राजा. तुमचा बोसन आणि मेसमन हे तेच जोडपं वाटलं मला.

---

जुना_दर्यावर्दी

गुहागरकर, अगदी बरोबर पकडलंत. आमचा बोसन दापोलीकडचाच होता आणि तो नाचत नाचत आला तेव्हा पावलं शिमग्याचीच होती. नेपच्यून कसा चालतो हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पोर्तुगीज जहाजांवर तर हा उलटापालटीचा भाग फार ठळक होता, आणि त्याचा गोव्याशी थेट संबंध आहे. यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्याच्या नव्या आर्चबिशपच्या पदरी लिस्बनहून निघाला. तो लिहितो की पेंटेकॉस्टच्या ख्रिस्ती सणाला जहाजावरचे लोक आपल्यातून एक सम्राट निवडतात, हा सम्राट सगळे अधिकारी बदलतो आणि तीन-चार दिवस मेजवानी चालते. त्या वर्षी विषुववृत्त ओलांडून काहीच दिवस झाले होते. मेजवानीत भांडण पेटलं, टेबलं उलथली, शंभरेक तलवारी उपसल्या गेल्या. कॅप्टनला कुणी जुमानेना. शेवटी आर्चबिशप स्वतः खोलीबाहेर आले आणि सगळी हत्यारं आपल्या खोलीत आणून टाकायला लावली. तेच जहाज सप्टेंबरमध्ये गोव्याला लागलं. हा विधी विषुववृत्ताचा म्हणून त्याने सांगितलेला नाही, सणाचा म्हणून सांगितलाय. पण कॅप्टनची सत्ता काढून दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि मग ती परत घ्यायची, हा गाभा एकच.

---

मुक्ता_वाचते

सुंदर धागा. आर्नल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये अशा संस्कारांची तीन टप्प्यांत मांडणी केली. आधी माणसाला जुन्या जगातून वेगळं करायचं, मग मधल्या उंबरठ्यावर ठेवायचं, आणि मग नव्या गोटात सामावून घ्यायचं. पुढे व्हिक्टर टर्नरने त्या मधल्या अवस्थेवर खूप काम केलं. उंबरठ्यावर असताना माणसाला हुद्दा नसतो, नाव नसतं, आणि त्यामुळेच तिथे बरोबरचे सगळे एकमेकांचे होऊन जातात, असं त्याचं म्हणणं. तुमचे सेकंड ऑफिसर आणि तुम्ही शेजारी शेजारी गुडघ्यावर, हे त्याचं उदाहरण म्हणून शिकवता येईल.

'मुंज' हा शब्द तुम्ही गमतीने वापरला असेल, पण बारकाईने बघा. आईबरोबर शेवटचं जेवण, मग न्हावी, मग स्नान, मग नवं वस्त्र आणि नवा अधिकार. वस्तरा आणि पाणी दोन्हीकडे.

पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. नवी नवरी माप ओलांडते तेव्हा उंबरठा तिथे असतोच, सुताराने बसवलेला. समुद्रावर काहीही नाही. सगळीकडे पाणी सारखंच. म्हणून तिथे माणसांनाच उंबरठा व्हावं लागतं.

---

जुना_दर्यावर्दी

मुक्ताताई, तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

पुढे मी ब्रिजवर वॉच ठेवायला लागलो तेव्हा हा क्षण अनेकदा बघितला. जीपीएसवर अक्षांशाचे आकडे उतरत जातात, शून्य अंश शून्य मिनिटं, आणि शेवटचा आकडा शून्य होऊन पुन्हा चढायला लागतो. एन जाऊन एस येतो. बस, एवढंच. बाहेर बघावं तर मघाचीच लाट, मघाचंच ढगाळ आभाळ. मी वॉचच्या सुकाणीला नेहमी सांगायचो, "बघ, गेलो." तोही बाहेर बघायचा. काहीतरी दिसेल असं प्रत्येकालाच वाटतं.

---

सायली_आई

इतक्या कौतुकात विरोधी सूर लावते आहे, पण लावायलाच हवा. माझा मुलगा सध्या प्री-सी ट्रेनिंगला, म्हणजे जहाजावर जाण्याआधीच्या प्रशिक्षणाला, आहे. तोंडाला घाण फासणं, डोळे बांधणं, पाण्यात उलटं करणं, हे सगळं कॉलेजच्या वसतिगृहात घडलं तर त्याला रॅगिंग म्हणतात आणि आपल्या राज्यात त्याविरुद्ध १९९९ चा कायदा आहे. जहाजावर घडलं की संस्कार? आणि समुद्रात पोरगं जाणार कुठे? दार उघडून बाहेर पडायची सोय नाही. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या 'ऑन्स्लो' पाणबुडीवरच्या अशाच विधीची चित्रफीत तिथल्या टीव्हीवर दाखवली गेली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. प्रतीकं वगैरे मला समजतात. पण माझ्या मुलाचे डोळे प्रतीक नाहीत.

---

खारा_वारा

+१. जुन्या काळी तर फारच वाईट होतं. शिडाच्या आडव्या वाशावरून माणसाला दोराने समुद्रात सोडायचे, ही आरमारातली प्रत्यक्ष शिक्षा होती, तीच इथे वापरायचे. 'बाउंटी' या इंग्रज जहाजाचा कप्तान ब्लाय याने १७८८ मध्ये दाढी होऊ दिली पण वाशावरून बुडवणं बंद ठेवलं, ते क्रूर आणि अमानुष आहे म्हणून.

---

जुना_दर्यावर्दी

सायलीताई, विरोधी सूर नाही, तुम्ही बरोबरच बोलताय. मला याचं उत्तर टाळायचं नाही.

मी थर्ड ऑफिसर असताना एका जहाजावर, नाव घेत नाही, इंजिनरूमच्या लोकांनी लेपात जळकं तेल मिसळलं. एका वायपर (इंजिनरूमचा सफाई करणारा) पोराच्या डोळ्यांत गेलं. ते पोर रात्रभर कण्हत होतं. मी आणि स्टुअर्ड आळीपाळीने सलाइनने डोळे धूत बसलो होतो. जवळचं बंदर चार दिवसांवर. दृष्टी वाचली, पण पाचव्या दिवशी त्याने मला विचारलं, "साब, मैंने क्या किया था?" त्याने काहीच केलं नव्हतं. त्या रात्रीनंतर माझ्या मनातून ते गेलेलं नाही.

पुढे कॅप्टन झालो तेव्हा माझ्या जहाजावर पद्धत ठरलेली होती. आदल्या दिवशी मेसमध्ये कागद लावायचा, ज्याला भाग घ्यायचा त्याने सही करायची. सही नाही केली तर कुणी एक शब्द बोलायचा नाही. डोळे बांधायचे नाहीत. खाण्याच्या पदार्थांशिवाय लेपात काही नाही. दारू नाही. सेफ्टी ऑफिसर हौदाशेजारी उभा. आणि पहिली बादली माझ्या डोक्यावर.

हे काही मी नव्याने शोधलं नाही. नकार द्यायची सोय जुन्या विधीतही होती. १७६८ मध्ये कॅप्टन कुकच्या 'एंडेव्हर' जहाजावर जोसेफ बँक्स हा निसर्गअभ्यासक होता. त्याने लिहून ठेवलंय की जहाजावरच्या प्रत्येकाची यादी केली, त्यात कुत्री-मांजरंसुद्धा. ज्याला बुडायचं नसेल त्याने चार दिवसांची वाइन द्यायची. बँक्सने स्वतःसाठी, नोकरांसाठी आणि कुत्र्यांसाठीही ब्रँडी भरली आणि सुटला. अर्थात ज्याच्याकडे द्यायला आहे त्याचीच सुटका, हे त्यातलं दुखणं आहेच. माझ्या जहाजावर सही न करण्याची किंमत शून्य होती.

आणि एक सांगतो. डार्विन १७ फेब्रुवारी १८३२ ला 'बीगल'वरून विषुववृत्त ओलांडताना या विधीतून गेला. डांबर आणि रंग तोंडाला, लोखंडी पट्टीच्या खडबडीत तुकड्याने खरवडलं, मग पाण्याने भरलेल्या शिडात उलटा. त्याला हे मुळीच आवडलं नाही. पण शेवटी त्याने असंही लिहिलंय की सगळं जहाज पाण्याने न्हात होतं आणि कॅप्टनसकट एकही जण कोरडा राहिला नाही. मला कसोटी ती वाटते. वरचे कोरडे राहून खालच्यांना भिजवत असतील तर तो छळ आहे, त्याला दुसरं नाव देऊ नये.

---

सायली_आई

सविस्तर उत्तराबद्दल आभार, काका. माझं मत पूर्ण बदललं नाही, पण सहीचा कागद ही गोष्ट मी मुलाला सांगणार आहे. त्याला कधी विचारलं गेलं तर 'नाही' म्हणता येतं हे माहीत असलेलं बरं.

---

नकाशावाला

थोडं भूगोलाचं. मुंबई साधारण १९ अंश उत्तरेला आहे. एका अंशाला ६० सागरी मैल, म्हणजे मुंबईपासून सरळ दक्षिणेला ११४० सागरी मैलांच्या आसपास ही रेघ येते. केप ऑफ गुड होपला वळसा घालून इंग्लंडहून येणाऱ्या जहाजाला ती दोनदा लागायची, एकदा अटलांटिकमध्ये आणि एकदा हिंदी महासागरात. १८६९ मध्ये सुवेझ उघडला आणि मुंबई-लंडनच्या नेहमीच्या रस्त्यावरून विषुववृत्त उतरलं. सिंगापूरसुद्धा सव्वा अंश उत्तरेलाच राहतं. म्हणूनच आयुष्यभर आखात-मुंबई-सिंगापूर केलेला माणूस 'न ओलांडलेला' राहू शकतो.

आपल्याकडून ही रेघ ओलांडून गेलेले मराठी लोक फक्त खलाशी नव्हते, मॉरिशसला गेलेले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, सुद्धा होते. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची कुटुंबं मुंबईहून जहाजात बसली. मॉरिशस वीस अंश दक्षिणेला. त्यांच्यासाठी राजा-राणी कुणी सजलं नाही. पण एकाच जहाजातून गेलेले लोक एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणू लागले आणि ते नातं सख्ख्या भावासारखं पाळलं गेलं. सिंधुबंदी, म्हणजे समुद्र ओलांडायची धार्मिक मनाई, मोडून गेलेल्यांचा आधीचा गोतावळा मागेच राहिला होता, नवा जहाजावर तयार झाला.

---

मुक्ता_वाचते

नकाशावाला, हे अप्रतिम. मुंडन नाही, नेपच्यून नाही, तरी उंबरठा आहेच.

---

दाभोळची_लेक

मी सहसा फक्त वाचते, आज लिहिते आहे. सकाळपासून हा धागा तीनदा वाचला.

माझे बाबा खलाशी होते. १९७० च्या दशकात ते एका जर्मन मालकाच्या जहाजावर होते, नंतर इतर जहाजांवर. २००८ मध्ये गेले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीच्या, खाली एक जाड कागद होता. वर त्रिशूळ घेतलेला दाढीवाला माणूस, जलपऱ्या, खाली लाल लाखेचा शिक्का. भाषा आम्हाला कळेना. आईला वाटायचं कुठल्या तरी देवाचं चित्र आहे, म्हणून तिने तो कधी फेकला नाही, हळदीकुंकू लावून ठेवला. कागदाच्या कोपऱ्यावर अजून कुंकवाचा डाग आहे.

त्यावर बाबांचं नाव आहे, एक तारीख आहे आणि अवतरणात एक शब्द आहे. कॅप्टनकाका, तो वाचायला मदत कराल? अक्षरं देवनागरीत लिहिते : मा-क्रे-ले.

---

जुना_दर्यावर्दी

पोरी, तो विषुववृत्त ओलांडल्याचा दाखला आहे. आम्ही तो कागदपत्रांबरोबर जिवापाड जपायचो, कारण पुढच्या जहाजावर तो दाखवला नाही तर विधी पुन्हा सोसावा लागे. आणि अवतरणातला शब्द म्हणजे तुझ्या बाबांना मिळालेलं नाव. वर लिहिलंय बघ, जर्मन जहाजांवर माशाचं नाव देतात. माक्रेले म्हणजे मॅकरेल, आपल्या बांगड्याचा भाऊबंद.

---

दाभोळची_लेक

काका, मी आत्ता स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगून आले.

बाबांचे एक जहाजावरचे मित्र होते, हर्णैचे. वर्षा-दोन वर्षांनी यायचे. अंगणातूनच मोठ्याने ओरडायचे, "माक्रेली! ए माक्रेली! घरात हायस का?" आणि बाबा हातातलं काम टाकून उठायचे. आम्हा भावंडांना वाटायचं ही काहीतरी शिवी आहे, म्हणून आम्ही कधी विचारलं नाही. आई तर चिडायची.

ते काका अजून आहेत, नव्वदीला आलेत. ऐकू कमी येतं. आई म्हणते रविवारी आपण हर्णैला जाऊ, आणि कागद बरोबर घेऊ.